पाण्याचा घास

एका गावात एक लोहार होता, अशी सुरुवात करायची रीत आहे. या गोष्टीतही लोहार आहे. पण आधी त्याच्या पाण्याची ओळख करून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण त्या पाण्यावरून झालं.

हे पाणी भट्टीशेजारच्या दगडी डोणीत असायचं. दिसायला काळं, वर राखेचा तवंग. नवखा माणूस त्यात बोट बुडवणार नाही. पण गावातला प्रत्येक विळा, प्रत्येक कुऱ्हाड आणि प्रत्येक कोयता त्याच पाण्यातून बाहेर आलेला होता. पोलादाची पट्टी तापवून, ठोकून तिचा कोयता झाला की लोहार तो पुन्हा लालबुंद करायचा आणि डोणीत बुडवायचा. चर्र व्हायचं, वाफ उठायची, आणि मघाशी घणाखाली मुकाट वाकणारं पातं कडक होऊन बाहेर यायचं. याला 'पाणी देणं' म्हणतात. मग तोच कोयता निखाऱ्यांच्या कडेला हलकासा शेकायचा, पात्यावर गव्हाळ रंग चढला की काढायचा. म्हणजे त्याचा ताठा थोडा उतरतो, धारही टिकते आणि पातंही मोडत नाही. पाणी न दिलेला कोयता म्हणजे नुसता कोयत्याच्या आकाराचा पत्रा.

गाव नदीकाठचं आणि उसाचं होतं. थंडी पडली की ऊसतोड सुरू व्हायची, गुऱ्हाळं पेटायची आणि लोहाराच्या दारात कोयत्यांसाठी रांग लागायची.

पूर्वी ही भट्टी म्हातारा लोहार चालवत असे. त्याची एक रीत होती. रोज सकाळी कामाला हात घालण्याआधी तो मुठीएवढा लोखंडाचा गोळा भट्टीत लाल करायचा, डोणीत सोडायचा आणि म्हणायचा, "घे माय, आधी तू घास घे. मग आम्ही कामाला लागतो." नंतर बाही वर सारून पाण्यात हात घालायचा. कधी एका घासावर भागायचं, कधी तो दुसराही द्यायचा. गावकरी म्हणायचे, म्हातारा फार भाविक आहे, पाण्यालासुद्धा नैवेद्य दाखवतो. म्हाताऱ्याने ते कधी खोडून काढलं नाही. त्याला बोलायचा कंटाळा होता.

एका उन्हाळ्यात म्हातारा वारला आणि भट्टी मुलाकडे आली. मुलगा कामाला वाघ होता. बापाने एक विळा करावा तेवढ्यात हा दीड करायचा. त्याला रोज सकाळचा तो गोळा मात्र जड वाटायला लागला. गोळा लाल व्हायला वेळ लागतो, तोवर भाता ओढून खांदे भरून येतात आणि कोळसा जातो तो वेगळाच. म्हणून त्याने गोळ्याऐवजी एक खिळा घेतला. खिळा काय, चिमटीत धरला की झाला लाल. तो डोणीत सोडायचा, हात जोडायचे आणि कामाला लागायचं.

त्याची आई म्हणाली, "अरं, बापाची रीत मोडू नगंस."

"मोडतोय कुठं, आई? घास देतोयच की," लोहार म्हणाला. "देव भावाचा भुकेला. त्याला गोळा काय आन् खिळा काय!"

देव भावाचा भुकेला, हे तर आईनेच त्याला लहानपणी शिकवलं होतं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. विळे झाले, खुरपी झाली, कुणाची काही तक्रार नव्हती. लोहाराला वाटलं, बघा, खिळ्यावर भागतंय ते भागतंय. दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली आणि मग लोहाराचंही लग्न झालं.

नवरी डोंगरापलीकडच्या एका लोहाराची लेक होती. भात्याच्या वाऱ्यावर वाढलेली. तिच्या हातातला घण जिथे पडायला हवा तिथेच पडायचा, आणि हे पाहून लोहार मनातल्या मनात खूश व्हायचा. घरात आल्यापासून एक काम तिच्याकडे आलं. भल्या सकाळी नदीवरून पाणी आणायचं आणि डोण काठोकाठ भरायची. नव्या सुनेकडे पाणी भरणं येतं तसंच हे.

सून आली आणि तिच्या पाठोपाठ थंडी आली. त्या वर्षी थंडी अशी पडली, की नदीवर घागर बुडवताना बोटं वाकायची नाहीत. ऊसतोड सुरू झाली, आणि कोयते मोडायला लागले.

पहिला मोडला तो तोडकऱ्यांच्या म्होरकीचा. ही बाई टोळीच्या पुढे चालायची, तिचा दिवस कोंबड्याच्या आधी उजाडायचा आणि लोहाराच्या दारातही तिचाच पहिला नंबर असायचा. फडात तिने उसाच्या बुडख्यावर घाव घातला आणि पात्याचा टवका उडाला. लोहाराने तिला नवा कोयता करून दिला. तोही मोडला. मग तिच्या मागच्याचा मोडला, त्याच्या मागच्याचा मोडला.

"अरं, उसात दगड पिकलाय का तुझ्या कोयत्यात भुसा भरलाय?" म्होरकीने भर पारावर विचारलं.

लोहाराला ते फार लागलं. कारागिराला शिवी दिलेली चालते, पण त्याच्या कामाला नाव ठेवलेलं चालत नाही. तो चारचौघांत उभा राहिला आणि बोटांवर मोजत म्हणाला, "भट्टी तीच. पोलाद त्याच गाडीतनं आलेलं. घण त्योच, हात माझाच. मग माझ्या घरात नवं काय हाय, तुम्हीच सांगा."

सगळ्यांनी नुसतं नदीच्या वाटेकडे पाहिलं. तिकडून सून डोक्यावर घागर घेऊन येत होती.

आता खरं सांगायचं तर लोहाराची विचार करायची तऱ्हा चुकीची नव्हती. काही बिघडलं तर काय बदललं ते शोधावं, हे बरोबरच आहे. फक्त त्याने शोध घरापासून सुरू केला, बायकोपाशी आणला आणि तिथेच थांबवला. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर तो स्वतःपाशी पोचला असता. ते पाऊल टाकायला माणूस नेहमीच आळस करतो.

दुसऱ्या दिवशी गावाला शब्द सापडला. पायगुण. तिचा पायगुण वाईट, पाणी तिच्या हातचं, म्हणून कोयते मोडतात. नदीवर बायका तिला वाट देईनाशा झाल्या. ती येताना दिसली की तोडकरी कोयता पाठीआड धरायला लागले. आणि मग एका सकाळी म्होरकीचाच कोयता पुन्हा फुटला. तुकडा उडाला आणि शेजारी ऊस साळून पाला काढणाऱ्या तिच्या जावेच्या दंडात घुसला. जखम खोल होती. हात वाचला, पण त्या हंगामात ती पुन्हा फडात उतरली नाही.

मग मात्र लोहाराने सुनेच्या भावाला निरोप धाडला, "बहिणीला घेऊन जा."

तो निरोप ऐकायला साधा होता. पण पायगुण वाईट म्हणून माहेरी गेलेली सून परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि माहेरीही तिला लग्नकार्यात कुणी पुढे उभं करत नाही. जन्मभर मागच्या दाराशी बसायचं. चूक काय केली, तर नदीवरून पाणी आणलं.

सासू या सगळ्यात गप्प होती. ती वाईट बाई नव्हती. सुनेच्या ताटात तूप ती स्वतः वाढायची. पण पारावर कुणी पायगुण म्हटलं की ती खाली मान घालून शेंगा सोलायची. मला विचाराल तर या गोष्टीत मला सगळ्यात जास्त राग तिचाच येतो. बोलणाऱ्याचं तोंड धरता येतं, गप्प बसणाऱ्याचं काय धरणार?

सून रडली. का नाही रडणार? पण रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि म्होरकीचा मोडका कोयता उचलला. तिचा बाप म्हणायचा, मोडलेलं पातं भंगारात टाकण्याआधी त्याला विचारावं, कुठे मोडलास? तिने तुकडा उन्हात धरून मोडलेली कड पाहिली. आतले कण बारीक रव्यासारखे होते. म्हणजे भट्टीचा दोष नाही. पोलाद वाजवीपेक्षा जास्त तापलं असतं तर कण जाडेभरडे झाले असते. मोडलेली कड बहुतेक ठिकाणी पांढरट, चकचकीत होती. पण धारेजवळचा नखाएवढा भाग गव्हाळ, काळसर होता.

ती तो डाग पाहत राहिली आणि मग उठून नवऱ्याकडे गेली.

"अवो, हे बघा. ही चीर उसात पडलेली न्हाई. उसात पडली असती तर सगळी कड पांढरी दिसली असती. हितं आतवर रंग चढलाय. म्हंजी कोयता निखाऱ्यावर शेकला तवाच चीर होती. आन् शेकायच्या आधी तो होता कुठं? पाण्यात."

लोहाराने तुकड्याकडे नीट पाहिलंही नाही. "आन् पाणी कोण भरतं?" त्याने विचारलं.

सून तुकडा घेऊन बाहेर आली आणि ओट्यावर बसली.

तेवढ्यात समोरून एक तोडकरी डुलत डुलत आला. गावातला हा नामांकित आळशी. त्याला सगळे निवांतराव म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. बाकी टोळी अर्धा फड साफ करी तेव्हा हा दात घासत असे. त्याच्या खांद्यावरचा कोयता पाहून सुनेला नवल वाटलं. धार लखलखीत, एक टवका नाही.

"भावजी, तुमचा कोयता कुणाकडं केला?"

"कुणाकडं म्हंजी? तुमच्याकडंच की."

"कवा केला?"

"आता वैनी, कवा म्हंजी," निवांतराव डोकं खाजवत म्हणाला, "उन्हं माथ्यावर आल्याबिगर म्या कधी दारात आलोय व्हय? माझा नंबर शेवटचा. सगळे म्हणत्यात आळशाचं नशीब."

सून ताडकन उठली. पुढच्या सकाळी तिने डोण भरली आणि त्यात हात घातला. कळ कोपरापर्यंत गेली. दुपारी, सकाळपासूनचे लाल कोयते त्यात बुडून झाल्यावर, तिने पुन्हा हात घातला. पाणी कोमट झालं होतं. लवकर उठणाऱ्यांचे कोयते थंड पाण्यात गेले होते आणि आळशाचा कोमट पाण्यात. जो पहिला आला त्याचा पहिला मोडला.

सुनेला गणित सुटलं. लाल पोलाद पाण्यात पडलं की आधी बाहेरून आखडतं आणि कडक होतं, आतलं मागून येतं. पाणी फार गार असलं तर बाहेरचं इतक्या घाईने कडक होतं, की आतल्या-बाहेरच्याची ओढाताण लागते आणि पातं तडकतं. पण हे सांगणार कुणाला? तिच्या तोंडून निघालेलं काहीही गावाला पायगुणासारखंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. उन्हं नुकती वर आली होती, भट्टीसमोर तोडकऱ्यांची रांग होती. त्याने बहिणीचं गाठोडं उचलून गाडीत ठेवलं आणि म्हणाला, "ताई, चल. बस."

सून गाडीकडे गेली नाही. ती भट्टीसमोर, सगळ्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"म्या जाते," ती म्हणाली. "पर आधी दोन कोयते करा. एका पट्टीचे, एका भट्टीतले, याच हातचे. पहिल्याच्या टायमाला म्या हितं नसनार. पलीकडं वढ्याच्या पार जाऊन उभी ऱ्हाते. पाणीबी माझ्या हातचं नगं, म्होरकीबाई आणतील. दुसऱ्याच्या टायमाला मातुर म्या सांगीन तसं करायचं, आन् म्या डोणीला पाय लावून उभी ऱ्हाईन."

"आन् दुसरा मोडला तर?" लोहाराने विचारलं.

"तर गाडीत बसते. मागं वळून बघनार न्हाई."

लोहाराला नाही म्हणायला जागा उरली नाही. सून ओढ्यापार गेली आणि गावाकडे पाठ करून चिंचेखाली उभी राहिली. म्होरकीने स्वतः नदीवरून घागरी आणल्या आणि डोण भरली. लोहाराने नेहमीसारखा खिळा लाल करून पाण्यात सोडला, हात जोडले आणि कोयता घडवायला घेतला. त्या दिवशी त्याने जीव ओतून काम केलं, हे कबूल करायला हवं. पातं लाल केलं, डोणीत बुडवलं. चर्र झालं, आणि त्या चर्रच्या आत कुठेतरी बारीकसं 'टिक' झालं.

बाकी कुणाला ते ऐकू आलं नाही. लोहाराला आलं. तो आवाज त्याने या हिवाळ्यात आधीही ऐकला होता आणि दर वेळी भास म्हणून सोडून दिला होता.

कोयता शेकून, धार लावून म्होरकीच्या हातात दिला. तिने बाभळीच्या ओंडक्यावर घाव घातला. पात्याचे दोन तुकडे झाले.

सगळ्यांनी ओढ्याकडे पाहिलं. सून चिंचेखाली तशीच पाठमोरी उभी होती.

"तिचा गुण लांबूनबी लागत असंल," रांगेतला एक जण पुटपुटला. अशी माणसं प्रत्येक रांगेत असतात.

मग सुनेला बोलावलं. तिने डोणीच्या दगडाला पाय टेकवला आणि म्हणाली, "आता पाणी गरम करा. लोखंड लाल करून डोणीत टाका."

लोहाराच्या डोक्यात राग होता, भीती होती आणि मोडलेला कोयता होता. असा माणूस कोमट म्हटलं की उकळवतो. त्याने जुने फाळ, पहारीचे तुकडे, सापडेल ते लोखंड लाल केलं आणि डोणीत लोटलं. पाण्यातून वाफा निघायला लागल्या. सून म्हणाली, "अवो, पुरं." पण किती झालं म्हणजे पुरं, ते तिलाही नक्की ठाऊक नव्हतं. कोमट पाहिजे एवढंच तिला कळलं होतं, आणि कोमटाच्या तऱ्हा शंभर.

दुसरा कोयता त्या वाफाळत्या पाण्यात बुडाला. या वेळी 'टिक' झालं नाही. चर्रसुद्धा नीट झालं नाही. म्होरकीने ओंडक्यावर घाव घातला आणि कोयता वर उचलून सगळ्यांना दाखवला. धार गुंडाळली गेली होती. उकळत्या पाण्याने पोलादाला इतकं हळू थंड केलं, की ते कडक व्हायचं विसरूनच गेलं.

"बघा!" मघाचा माणूस ओरडला. "ती लांब व्हती तवा मोडला, जवळ आली तवा मेणाचा झाला!"

रांगेत गलका झाला. भावाने बैल जुंपायला घेतले. सुनेचा पाय अजून डोणीला टेकलेला होता. तिला वाटलं, संपलं.

"थांबा की जरा," मागून आळसावलेला आवाज आला. निवांतराव आज चक्क सकाळी आला होता, तमाशा बघायला. "करार काय व्हता? मोडला तर. हा मोडलाय कुठं? वाकलाय. आजून एक करा. घाई कुणाला हाय?"

लोक हसले, आणि हसल्यावर माणसं जरा ऐकतात. म्होरकी म्हणाली, "बरं, आजून एक. पर हे कढत पाणी ओता आधी."

चौघांनी मिळून डोण कलंडवली. कित्येक वर्षं ती पूर्ण रिकामी झाली नव्हती. काळं पाणी वाहून गेलं, फाळांचे तुकडे ओघळले, आणि तळाशी चिकटलेला गंजका थर उघडा पडला. ते खिळे होते. उन्हाळ्यापासून रोज एक, असे सगळे खिळे.

सासू दारात शेंगांचं सूप घेऊन बसली होती. तिने ते खिळे पाहिले. सूप खाली ठेवलं, उठली आणि भट्टीपाशी आली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच चारचौघांत बोलली.

"हा तुझा घास व्हय रं?" तिने मुलाला विचारलं. "तुझा बाप मुठीएवढा गोळा टाकायचा."

"आई, देव भावाचा..."

"देव असंल भावाचा भुकेला. पाणी उबंचं भुकेलं हाय! तुझा बाप हात घालायचा पाण्यात, ते काय तीर्थ घ्यायला? कोपर बुडवून बघायचा. थंडीत दोन-दोन घास द्यायचा, उन्हाळ्यात एकबी पुरायचा. मला इचारायचा, 'तू पोराला न्हाऊ घालतीस तवा पाणी कसं असतं?' म्या त्याला कोपर दाखवलं व्हतं. तूच ते पोर व्हतास." तिने सुनेकडे पाहिलं. "आन् म्या हे सगळं ठावं असून गप बसले. पोरगी रोज रडायची आन् म्या शेंगा सोलत बसले."

तिने पदर खोचला. सुनेने नदीचं गार पाणी डोणीत ओतलं, लोहाराने मुठीएवढा गोळा लाल केला. गोळा पाण्यात गेला. सासूने बाही सारून कोपर बुडवलं आणि मान हलवली. "आजून एक." दुसरा गोळा गेला. तिने पुन्हा कोपर बुडवलं, आणि मग सुनेचा हात धरून तिचंही कोपर पाण्यात घातलं.

"हे असं. बाळाला पायावर घेऊन पाणी वततो तसं. ध्यानात ठेव."

सून डोणीला पाय लावून उभी राहिली. लोहाराने तिसरा कोयता लाल केला. कोयता पाण्यात गेला. चर्र झालं, वाफ उठली, आणि लोहार कान देऊन ऐकत राहिला. टिक झालं नाही.

कानस पात्यावरून घसरली, म्हणजे पातं कडक झालं होतं. मग ते शेकलं, धार लावली. म्होरकीने ओंडक्यावर घाव घातला, मग दुसरा, मग तिसरा. ती कुठे कुचराई करणारी बाई नव्हती. ओंडका दुभंगला. तिने अंगठ्याने धार चाचपली, कोयता उन्हात धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि सुनेसमोर येऊन उभी राहिली.

"माझी जाऊ घरात बसलीया, ते तुझ्यामुळं न्हाई," ती म्हणाली. "म्या तसं बोलले व्हते. चुकले."

भावाचे हात जुवावर थबकले होते. सगळे लोहाराकडे बघत होते. तो गुडघ्यावर बसला आणि चिखलातून खिळे गोळा करायला लागला. ओंजळ भरली तेव्हा उठला.

"पारावर म्या तुम्हाला इचारलं व्हतं, माझ्या घरात नवं काय हाय," तो म्हणाला. "हे नवं व्हतं. हिचा पायगुण न्हाई, माझा आळस व्हता. टिक आवाज मला ऐकू यायचा आन् म्या ऐकायचो न्हाई. त्या बाईचा दंड फाटला त्योबी माझ्याच हातनं."

मग तो बायकोकडे वळला. "गाठोडं उतरव."

सुनेने मान हलवली.

"उतरवते, पर आज न्हाई. धाडलेली म्हणून जानार व्हते, आता माहेरपणाला जाते. आठ-पंधरा दिस आईजवळ ऱ्हाते, मग तुम्ही स्वतः गाडी घेऊन न्यायला या. गावच्या मधल्या रस्त्यानं या, मागल्या नगं." आणि मग सासूला वाकून नमस्कार करून म्हणाली, "आत्याबाई, तवर पाण्याचा घास तुमच्याकडं. ह्यांच्यावर सोडू नगा."

गाडी निघाली. आणि नंतर लोहार खरंच तिला न्यायला गेला, गावच्या मधल्या रस्त्याने, बैलांच्या शिंगांना गोंडे बांधून. जाताना म्होरकीच्या जावेच्या दाराशी थांबून त्याने तिची माफी मागितली आणि मगच पुढे गेला.

भट्टीच्या दारावर एक खिळा टांगलेला असतो, गंजका, सुतळीला बांधलेला. नजर लागू नये म्हणून आहे का, असं परगावचे लोक विचारतात. लोहार दर वेळी सगळी हकिकत सांगतो. स्वतःची फजिती अशी पुन्हा पुन्हा सांगायला छाती लागते, एवढं मान्य केलंच पाहिजे.

आणि त्या गावात तेव्हापासून एक बोलणं रूढ झालं. कुणाच्या घरी नवी सून आली आणि म्हैस आटली, कुणाचं गुऱ्हाळ बंद पडलं, कुणाचं पोर आजारी पडलं, की कुजबुज सुरू होते. मग लोहाराची म्हातारी आई काठी टेकत तिथे जाते आणि एवढंच विचारते, "तुमचा खिळा कुठं पडलाय, तो शोधला का आधी?"

तात्पर्य काढायचं ते असं: वडिलांची रीत पुढे चालवायची तर आधी ती कशासाठी होती ते विचारावं, आणि काही बिघडलं तर नव्या माणसाच्या पायाकडे बघण्याआधी आपल्या हातांकडे बघावं.